पोस्ट निघत नाही, हे घरी कसं सांगावं

एमपीएससी सोडायची हे मनात पक्कं झाल्यावर घरी सांगायला मला अकरा महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून लिहितोय.

ही परीक्षा तुम्हाला स्वतःहून बाहेर काढत नाही. यूपीएससीला खुल्या गटात सहा अटेम्प्ट झाले की विषय संपतो. इथं राज्यसेवेला वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे ‘यंदा शेवटचं’ हे वाक्य दहा-पंधरा वर्षं पुरतं. थांबायचं आपणच ठरवायचं असतं, आणि आमच्यासारख्या घरांतली पोरं तिथंच अडतात. दहावीनंतर सायन्स चुलत्यानं ठरवलं, कॉलेज आण्णांनी, म्हणजे वडलांनी, सदाशिव पेठेतली रूम मामानं. दिवाळीच्या शर्टाचा रंगसुद्धा मी कधी निवडला नव्हता. सव्विसाव्या वर्षी एकदम एवढा मोठा निर्णय कसा घेणार?

म्हणून आधी बारकं काहीतरी ठरवा आणि करून झाल्यावर घरी सांगा. मी न विचारता मेस बदलली. हसू नका, दोन दिवस धाकधूक होती. मग एका दुकानात संध्याकाळी हिशेब लिहायचं काम धरलं आणि आठवड्यानं फोनवर सांगितलं. पलीकडून ‘बरं’ एवढंच आलं.

खर्चाचा कागद करा. रूम, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज धरून माझे महिन्याला साडेनऊ हजार जायचे. पाच वर्षांचा गुणाकार केला आणि कागद पालथा घातला. तो घरी दाखवू नका, नुसती रडारड होते. घरी न्यायचा कागद वेगळा: पुढचे सहा महिने काय करणार, कुठं राहणार, घरी किती पाठवणार.

सणाला बोलायचं नाही. मी पहिल्यांदा दिवाळीत तोंड उघडलं. घरात चुलते, आत्या, मेव्हणे, सगळे जमलेले. प्रत्येकाला कुणीतरी सातव्या अटेम्प्टला डीवायएसपी झालेला माहीत होता. मी भाऊबीजेच्या रात्रीच पुण्याची गाडी पकडली.

दुसऱ्यांदा आधी ताईला विश्वासात घेतलं. आण्णांना हरभऱ्याला पाणी देताना सांगितलं. आमच्या औसा तालुक्यात शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. तुषार सिंचनाचे पाईप हलवताना अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्याचा फायदा होतो. आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पारावर काय सांगू?”

पोस्ट, पैसा, माझं भविष्य, यातलं काहीच त्यांनी आधी विचारलं नाही. तेव्हा वडलांना पारावर सांगता येईल असं एक वाक्य तयार ठेवून जा. खोटं नको, चार शब्दांत बसेल असं. माझं होतं, ‘लातूरला पतसंस्थेत लागला.’ लागलो होतोच, पगार कमी होता एवढंच. त्यानंतरही ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसांत आपण रोज फोन करायचा, आईशी बोलायचं आणि ‘आण्णा जेवले का’ एवढंच विचारायचं. समजवायला जाऊ नका.

आणि मधले अकरा महिने? माझी झोप गेली होती, घरचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा. रूममेटनं १४४१६ लावून मोबाईल हातात दिला. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सल्ला फारसा दिला नाही, नीट ऐकून घेतलं. जीव नकोसा वाटत असेल तर घरच्यांशी बोलायचा मुहूर्त शोधत बसू नका, हा फोन आधी करा.

आता आण्णा बोलतात. आईनं माझी पुस्तकं लोखंडी पेटीत जपून ठेवलीत, धाकट्या चुलतभावाला लागतील म्हणते. परवा त्याला विचारलं, तुला द्यायचीय का रे परीक्षा? त्यानं आधी आण्णांकडं बघितलं.