विधेयकातल्या नियमाचा खर्च संसदीय समितीपुढे कसा मांडावा

अर्थविषयक विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, गेलं की समिती जाहिरात देऊन सूचना मागवते. मुदत बहुधा दोनेक आठवड्यांचीच असते. म्हणून विधेयक सभागृहात मांडलं जाताच संसदेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

वाचायला सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. तिथल्या वित्तीय ज्ञापनात फक्त सरकारी तिजोरीवरचा खर्च असतो. नियम पाळायला दुकानदाराला किती पडेल, हे त्यात नसतं. तो आकडा तुम्हीच द्यायचा. मग ‘विहित करण्यात येईल’ असे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खूण करा. विवरणपत्राचा नमुना, मुदत, शुल्क हे सगळं पुढे नियमांत ठरतं आणि खरा भुर्दंड तिथेच बसतो.

हिशेब असा मांडा. समजा, दरमहा एक नवं विवरणपत्र आलं. हिशेबनिसाचे ४ तास, तासाला २०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६००. सीएची फी दरमहा १,०००, म्हणजे १२,०००. सॉफ्टवेअर एकदाच, ६,०००. पहिल्या वर्षी एकूण २७,६००. चाळीस लाखांच्या उलाढालीवर हे ०.६९ टक्के होतात, चार कोटींवर ०.०६९. ही तुलना निवेदनात ठळक द्या; लहान धंद्यासाठी उलाढालीची मर्यादा मागायला तोच सगळ्यात भक्कम आधार आहे.

‘जाचक अटी रद्द करा’ एवढ्यावर समितीला काहीच करता येत नाही. कलम क्रमांक, अडचण, खर्च, सुचवलेले नेमके शब्द, या क्रमाने लिहा. आयकर विधेयक, २०२५ मध्ये मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याला परतावा नाकारणारी तरतूद होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती वगळायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित विधेयकात ती नव्हती. बोट एका उपकलमावर ठेवता आलं, म्हणून ते झालं.

निवेदन सहसा इंग्रजी किंवा हिंदीत मागतात. मराठी मसुद्याचं भाषांतर आधीच करून ठेवा. प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं निवेदनातच लिहा. पाठवलेलं निवेदन समितीचं गोपनीय कागदपत्र होतं, तेव्हा ते व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवू नका.

अर्थसंकल्पासोबतचं वित्त विधेयक मात्र सहसा समितीकडे जात नाही. त्यातल्या तरतुदींबद्दलचं म्हणणं अर्थमंत्रालय अर्थसंकल्पापूर्वी सूचना मागवतं तेव्हा पाठवावं.