मल्टिमीटर वापरताना या चुका टाळा

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून दोन-अडीचशेचा पिवळा मल्टिमीटर आणायचा आणि घरी येताच प्रोब, म्हणजे वायरींची धातूची टोकं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचे, असं करणारी मुलं मी कायम पाहतो. माहितीपत्रक खोक्यातच राहतं. काळजी वाटते म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लाल लीड, म्हणजे प्रोबची वायर, करंट मोजायच्या १० अँपिअरच्या भोकात विसरणं. आमच्या दुकानात एका शिकाऊ मुलाने संध्याकाळी १२ व्होल्टच्या मोटरचा करंट मोजला आणि मीटर तसाच ठेवून दिला. सकाळी त्यानेच बोर्डावरचा सप्लाय बघायला नॉब ७५० व्होल्ट एसीवर आणला. नॉब बरोबर होता, लीड चुकीच्या भोकात होती. प्रोब टेकताच मोठा आवाज झाला, एमसीबी पडली, प्रोबचं टोक वितळलं आणि तांब्याचे कण त्याच्या मनगटावर उडाले. डोळे वाचले, कारण तो नेमका घड्याळाकडे बघत होता.

कारण साधं आहे. व्होल्ट मोजताना मीटरचा आतला रेझिस्टन्स दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे करंट जवळपास वाहतच नाही. अँपिअरच्या भोकामागे मात्र जाड तारेचा तुकडा असतो, जेमतेम ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा. म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रल तारेनेच जोडता. नॉब कुठेही फिरवला तरी तो तुकडा तिथेच राहतो. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असतं, म्हणजे आत फ्यूजसुद्धा नाही.

माझी सवय सांगतो. करंट मोजून झाला की मीटर टेबलावर टेकवण्याआधी लाल लीड व्होल्टच्या भोकात परत जाते. आणि २३० व्होल्टला हात घालण्याआधी दोन्ही भोकांवर बोट ठेवून बघतो. पाच सेकंद लागतात. घरच्या लाइनचा करंट मोजायचा असेल तर मी मल्टिमीटर वापरतच नाही, वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर घेतो. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर येता-जाता करंट एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्याजवळ येतो.

दुसरी चूक, शून्यावर विश्वास. नॉब डीसीवर राहिला तर जिवंत सॉकेटसुद्धा जवळपास शून्य दाखवतं. लीड आतून तुटली असेल तरी तेच. मीटरने शून्य दाखवलं म्हणून वायरला हात लावणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो. आधी चालू सॉकेटवर २३०च्या आसपास आकडा येतो का बघा, मग बंद केलेली वायर तपासा, मग पुन्हा चालू सॉकेट. तिन्ही वेळा. घाई असेल तर काम उद्या करा.

उलटा प्रकारही होतो. कुठेच न जोडलेली वायर शेजारच्या फेजमुळे ४०-६० व्होल्ट दाखवते. जुना पिवळा, तारेचा बल्ब लावून बघा, असं भुताचं म्हणजे खोटं व्होल्टेज असेल तर पेटणार नाही.

ओहम किंवा बीपवर (तार सलग आहे का बघायच्या सेटिंगवर) नॉब ठेवून चालू लाइन तपासू नका.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा केस बसवणाऱ्याला मी मीटर देत नाही.

एसएमपीएसचा (कॉम्प्युटर वगैरेंमधल्या पॉवर सप्लायचा) प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी उरू शकतं. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता मी होल्डरमधला ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब लावून उतरवतो आणि मग मोजून खात्री करतो.

मेन पॅनलवर काम करायला किमान कॅट थ्री (मीटरचा सुरक्षेचा दर्जा) लिहिलेला मीटर न्या. काळा प्रोब आधी न्यूट्रलवर, लाल नंतर फेजवर, काढताना लाल आधी. लीडचं प्लास्टिक चिरलं असेल तर टेप गुंडाळू नका, नवी जोडी आणा. बुधवार पेठेत ती सहज मिळते.