ओटीजी गरम होत नाही? स्क्रू उघडण्याआधी एवढं तपासा

नानकटाईचे गोळे ट्रेमध्ये मांडून झाले होते. दहा मिनिटांनी ओव्हनचं दार उघडलं, तर आत नुसता गारठा. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे हे झालं आणि घरातल्या सगळ्यांनी एकच निकाल दिला, "रॉड गेला." मी नवा रॉड आणायलाच निघालो होतो. रॉड मात्र धडधाकट निघाला. म्हणून सांगतो, आधी बाहेरून तपासा, पैसे नंतर खर्च करा.

हे सगळं ओटीजीसाठी आहे, म्हणजे रॉडवर तापणाऱ्या ओव्हनसाठी. मायक्रोवेव्हचं कव्हर घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पहिलं काम : तिन्ही नॉब

बहुतेक ओटीजीत टायमर फिरवल्याशिवाय रॉडला वीज जातच नाही. टायमर शून्यावर असेल तर तापमान २०० वर ठेवूनही काही होणार नाही. रॉड निवडायचा नॉब बंदवर तर नाही ना, तेही पाहा. एक गोष्ट अनेकांना फसवते. टायमरची टिकटिक स्प्रिंगवर चालते, विजेवर नाही. त्यामुळे टिकटिक ऐकू आली म्हणजे वीज येतेय असं समजू नका. तसंच, धातूच्या नळीचा रॉड लाल दिसला नाही तरी तापलेला असू शकतो. हात लावून बघू नका. दार किंचित उघडून धग जाणवते का, ते पाहा.

दुसरं : पॉइंट आणि व्होल्टेज

१५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर खेचतो. तो मोबाइलच्या छोट्या पॉइंटवर किंवा साध्या एक्स्टेन्शनवर लावायचा नाही, त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट सैल आहे का, हे नीट बघा. त्याच पॉइंटवर इस्त्री लावून पाहा. चार्जर चालला म्हणून पॉइंट चांगला ठरत नाही, खरा लोड टाकल्यावरच कळतं.

ओव्हन तापतो पण केक मधे कच्चा राहतो, अशी तक्रार असेल तर व्होल्टेज मोजून घ्या. १८० व्होल्टवर १५०० वॅटचा ओव्हन जेमतेम ९२० वॅट देतो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात दोष ओव्हनचा नसेलही.

तिसरं : न उघडता मीटर लावा

साधा मल्टीमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारं यंत्र) इथे फार उपयोगी पडतो. ओव्हनचा प्लग काढून हातात घ्या. टायमर फिरवा, तापमान पूर्ण वाढवा, दोन्ही रॉडची खूण निवडा. मीटर २०० ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांना टोकं लावा (जाड पिन अर्थिंगची). १५०० वॅटच्या ओव्हनला सुमारे ३५ ओहम यायला हवेत. मग फक्त वरचा, फक्त खालचा असं निवडून बघा. ७५० वॅटचा एकेक रॉड सुमारे ७० ओहम दाखवतो. एका बाजूलाच आकडा येत नसेल, तर बहुधा त्या बाजूचा रॉड किंवा त्याची वायर गेली. कुठेच येत नसेल, तर दोष बहुधा दोन्ही बाजूंच्या सामाईक वाटेवर आहे : वायर, टायमर, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) किंवा थर्मल फ्यूज (अति तापल्यावर वीज तोडणारा).

चौथं : कव्हर काढायचंच असेल तर

वॉरंटी असेल तर थांबा. नसेल तर प्लग काढलेला आणि ओव्हन पूर्ण गार असू द्या, उघडण्याआधी वायरींचा फोटो काढा. आमच्या ओव्हनमध्ये थर्मोस्टॅटच्या पत्तीवरचं लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) सैल होऊन काळं पडलं होतं, शेजारची वायर बिस्किटासारखी ठिसूळ झाली होती. वायरचं टोक कापून, नवं लग क्रिंप करून, म्हणजे पकडीने घट्ट दाबून, बसवलं आणि काम झालं. इथे सोल्डर करू नका. नेहमीचं सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं. वायरही उष्णता सोसणारी, फायबरग्लासच्या आवरणाचीच घ्या.

थर्मल फ्यूज उडाला असेल तर त्याच तापमानाचा नवा घाला. तो काढून दोन वायरी थेट जोडून देणारे भेटतात, पण ऐकू नका. थर्मोस्टॅट चिकटून ओव्हन भडकला, तर घर वाचवणारं शेवटचं साधन तेच असतं.

रॉड आणि ओव्हनची बॉडी यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये. आकडा आला, किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्यासारखं वाटलं, तर ओव्हन लावू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा. पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवलेल्या ओव्हनच्या रॉडमध्ये दमट हवा शिरते आणि लावताच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. तो पडू नये म्हणून बायपास करायचा नाही. जाणकाराकडून रॉड सुकवून, तपासून घ्यायचा.

शेवटी चाचणी

खिडकी उघडी ठेवून रिकामा ओव्हन १५ मिनिटं चालवा आणि जवळ उभे राहा. मग ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून नॉब १८० वर लावा. वीस मिनिटांनीही काटा सतत १६० च्या आसपासच राहत असेल, तर नॉब २०० वर ठेवून नानकटाई घाला. आधी चारच, पूर्ण ट्रे नको.