घरासाठी जनरेटर घ्यायचाय? आधी बोअरची मोटर यादीतून काढा

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भरदुपारी लाईट गेली की नागपुरात पंख्यावर भागत नाही, कुलर लागतोच. मग माणूस वैतागून दुकान गाठतो आणि पहिलाच प्रश्न येतो, 'किती केव्हीएचा दाखवू?' केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप. हे उत्तर घरूनच काढून न्यावं.

1. यादी करा. लाईट नसताना जे चाललंच पाहिजे तेवढंच लिहा आणि पुढे वॅट मांडा. खिडकीतला कुलर साधारण 200, साधा पंखा 75, फ्रिज 150. दोन कुलर, तीन पंखे, फ्रिज, दिवे, वायफाय आणि टीव्ही धरून बेरीज हजाराच्या आत राहते.

2. सुरू होतानाचा झटका धरा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट वीज ओढतो, म्हणून बेरजेत आणखी साडेचारशे मिळवा. झाले चौदाशे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि अशा तापलेल्या हवेत इंजिनाची ताकद घटते, तेव्हा वर वीस टक्के सोडा. साधारण सतराशे वॅट. केव्हीएला 0.8 ने गुणलं की किलोवॅटचा (हजार वॅटचा) अंदाज येतो. म्हणजे अडीच केव्हीएचा जनरेटर दोन हजार वॅट देतो, तो पुरतो.

आता याच यादीत बोअरची एक एचपीची मोटर टाकून बघा. ती चालताना हजारभर वॅट घेते, पण सुरू होताना तीन ते पाच हजारांचा झटका देते. झालं, गाडी पाच केव्हीएच्या पुढे! जनरेटर मोठा, किंमत मोठी, आवाज मोठा, आणि कशासाठी? दिवसातून अर्धा तास पाणी चढवायला. त्यापेक्षा गच्चीवर पाचशे लिटरची जादा टाकी ठेवा आणि लाईट असताना भरून घ्या. एसीचंही तेच. त्याला जनरेटरवर चालवायचा हट्ट खिसा रिकामा करतो.

3. इन्व्हर्टरवर भागतंय का, पाहा. 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या साठवणीचं माप) एक बॅटरी एक कुलर, दोन पंखे आणि दिवे तीनेक तास ओढते. लाईट तासा-दोन तासात येत असेल तर जनरेटर घेऊच नका. वादळात झाड पडून किंवा ट्रान्सफॉर्मर जळून रात्र-रात्र अंधार होत असेल, तरच पुढे वाचा. जुन्या नागपुरात, महाल-इतवारीतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना तर जनरेटर ठेवायला जागाच नसते. तिथे दुसरी बॅटरी जोडणं बरं.

4. जागा ठरवा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच दगावतो. घरात, पोर्चमध्ये, जिन्याखाली किंवा सांदीत मशीन चालवायचं नाही. दारं-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, उघड्यावर ठेवायचं. आपल्याकडे एक जास्तीची मेख आहे. कुलर बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या बाजूला जनरेटर लावलात तर वाळ्याच्या ताट्यांतून धूर थेट बेडरूममध्ये येईल. म्हणून कुलरच्या विरुद्ध बाजूला, वारा घराकडे येत नसेल अशी जागा शोधा. एवढी जागा नसेल तर विचार सोडा.

5. जोडणी. जनरेटरची वायर प्लगमधून घराच्या सॉकेटला लावण्याचा जुगाड करणारे भेटतात. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेऊ शकते. परवानाधारक वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर जोडणारा खटका) बसवून घ्या. अर्थिंगही तपासायला सांगा.

6. दुकानात. टीव्ही-लॅपटॉप चालवायचे असतील तर इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घ्या. महाग असतो, पण वीज स्थिर देतो आणि आवाज कमी करतो. पेट्रोलवर एका युनिटला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, तेव्हा रात्रभराचा हिशेब आधीच करून ठेवा. मशीन भार लावून चालवून दाखवा म्हणा. नुसतं घुर्र करून बंद करत असेल तर दुसरं दुकान पाहा. सुटे भाग आणि मेकॅनिक शहरातच मिळतो का, हेही विचारा.

घरी आणल्यावर महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, आणि बराच काळ लागणार नसेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा. जुन्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो, आणि मग ऐन वादळाच्या रात्री दोरी ओढून ओढून हात दुखून येतात.