ठाण्यात दिवाणी दावा लागलाय? नियम नेमके कुठले बघायचे

कोर्टाचा बेलिफ समन्स देऊन गेला की बहुतेक जण आधी गुगल करतात आणि तिथेच घोळ होतो, कारण दिवाणी कामकाजाचा कायदा अख्ख्या देशाला एक असला तरी नियम राज्याराज्यात थोडे बदलतात.

मूळ कायदा म्हणजे १९०८ चा सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, आणि त्यात दोन भाग आहेत. सुरुवातीची कलमं संसद बदलते, विधानसभाही बदलू शकते. मागच्या पहिल्या अनुसूचीत ऑर्डर आणि रूल असतात, ते मात्र कलम १२२ खाली हायकोर्टही बदलू शकतं, फक्त राज्य सरकारची मंजुरी घेऊन राजपत्रात छापावं लागतं. म्हणून ठाणे काय, बेलापूर काय, पुस्तक घेताना त्यात मुंबई हायकोर्टाच्या दुरुस्त्या आहेत का ते बघा, नुसतं स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. जुनी आवृत्ती तर नकोच, आपल्याकडे कलम ९ए होतं, फक्त महाराष्ट्राचं, त्यावर कोर्टाच्या अधिकारक्षेत्राचा मुद्दा आधी काढून वर्षानुवर्षं दावे अडकायचे, ते २०१८ ला रद्द झालं तरी जुन्या पुस्तकात दिसतंच. कोर्टाच्या आतलं कामकाज, म्हणजे रजिस्टर, नकला वगैरे, हायकोर्टाच्या सिव्हिल मॅन्युअलप्रमाणे चालतं.

आता मुदत. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट कारण लिहून ९० पर्यंत वाढवू शकतं. साध्या दाव्यात त्यानंतरही कधीकधी खर्च भरायला लावून कैफियत घेतात, पण त्या भरवशावर राहू नका, ‘विना कैफियत’ हुकूम, म्हणजे तुमच्या उत्तराशिवाय दावा पुढे चालवायचा आदेश, झाला की तो उठवायला वेगळा अर्ज आणि वेगळी तारीख. कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहाराचा, दावा असेल तर १२० दिवसांनंतर दार बंदच.

समन्सबरोबर आलेल्या कागदात ‘निशाणी ५’ दिसली तर आधी ती वाचा, आपल्याकडे मनाईहुकमाचा, म्हणजे अमुक गोष्ट करू नका असा आदेश मागणारा, अर्ज बहुतेक याच नंबरावर असतो, ऑर्डर ३९ चा, आणि खरी घाई त्याचीच असते, कैफियतीला ३० दिवस आहेत म्हणून हा अर्ज काही थांबत नाही. त्यावर वेगळं म्हणणं द्यावं लागतं.

दावा अजून लागला नाही, नुसती कुणकुण आहे, तर कलम १४८ए खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, टाकून ठेवा. ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकायचं.

पुढची तारीख ईकोर्ट्स ॲपवर प्रत्येक केसला मिळणारा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकून बघता येते, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते वकिलाकडून रोजनामा, म्हणजे कोर्टाने केलेली त्या तारखेची नोंद, मागवून वाचा.