यात्रेत मैदान भरवायचंय? बॅनरच्या आधी कागद बघा

दिवाळी झाली की आपल्याकडं मैदानांचा, म्हणजे बैलगाडी शर्यतींचा सीझन चालू होतो, तिकडं पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासनं ते खाली आटपाडी, विटा, कवठेमहांकाळपर्यंत कुठं ना कुठं फाट्या, म्हणजे बैल पळायच्या पट्ट्या, आखलेल्या दिसतातच, आणि मग कमिटीतली पोरं एकमेकाला विचारत बसतात की परवानगीला नेमकं लागतं काय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. बहुतेक कमिट्या उलट्या टोकानं सुरू करतात बघा. आधी बक्षीस ठरतं, थार का ट्रॅक्टर, मग बॅनर, मग निवेदक कोण आणायचा यावर दोन मीटिंगा, आणि सगळ्यात शेवटी चार दिवस राहिल्यावर कुणातरी नेत्याचं पत्र घेऊन कलेक्टर ऑफिसला पळापळ. पत्रानं चहा मिळतो, परवानगी मिळत नाही. अर्जावर तपासतात ते बैल, फाटी आणि तुमच्या कमिटीची जबाबदारी, त्यामुळं सुरुवात तिथनंच करायची.

आधी थोडं मागचं, कारण ते माहीत नसलं की ऑफिसात साहेब असं का विचारतात तेच कळत नाही. ११ जुलै २०११ ला केंद्रानं एक नोटिफिकेशन काढलं आणि वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत बैलाला पण टाकलं, म्हणजे या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यत दोन्ही बंद केलं. २०१७ ला महाराष्ट्रानं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली आणि नियम पण काढले, पण ते हायकोर्टात अडकलं. मधल्या काळात काय काय झालं ते आपल्या सांगली जिल्ह्याला सांगायला नको, २०२१ च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात शर्यत थांबवायला किती पोलीस आले होते ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटी घालून शर्यत सुरू करायला मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला पाच जजांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांच्याही दुरुस्त्या कायम ठेवल्या. म्हणजे आज जी शर्यत पळते ती त्या अटींच्या जीवावर पळते, अटी मोडल्या की तुमचं मैदान परत २०१४ मध्ये जातं.

आता कायद्यातली शर्यतीची व्याख्या नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. त्यात बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट अशी नावं घेऊन लिहिलंय, आणि परंपरेनं जिथं आणि ज्या दिवशी शर्यत होत आली तिथं, कलेक्टरनी आधी मान्य केलेल्या जागी, असं आहे. त्यामुळं अर्जात फक्त 'भव्य दिव्य मैदान' लिहू नका. कोणत्या देवाची यात्रा, कोणती तिथी, गावात शर्यत आधीपासनं होते का, याचा ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, जुन्या यात्रेची पत्रिका असली तर तिची झेरॉक्स पण जोडा. कुणाच्या वाढदिवसाला भरवलेलं मैदान परंपरा म्हणून पटवून द्यायला जरा अवघडच जातं, तरी लोक भरवतात ते वेगळं.

अर्ज कलेक्टरच्या नावानं असतो. तुमच्या तालुक्यात तो प्रत्यक्षात कुठल्या टेबलवर घेतात, प्रांतकडं का तहसीलला, ते आधी जाऊन विचारा, उगं सांगलीच्या फेऱ्या मारू नका. सोबत ५० हजारांची बँक गॅरंटी नाहीतर एफडीची पावती द्यावी लागते. ही फी नाही, अनामत आहे, अटी पाळल्या की परत मिळते आणि मोडल्या की जाते. ती कमिटीच्या खात्यातनं करा, एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर केली की पुढच्या वर्षी तो गट बदलतो आणि मग पावतीवरनं भांडणं. जमीनमालकाची लेखी संमती घ्या, आणि रान खंडानं दिलेलं असलं तर मालक आणि कसणारा दोघांची. पोलीस स्टेशनला वेगळा अर्ज, पार्किंग आणि गर्दीचा अंदाज लिहून, स्पीकरचं परमिशन वेगळं. पशुवैद्यकीय दवाखान्याला पण पत्र द्या की अमुक तारखेला डॉक्टर पाहिजेत. हे सगळं महिनाभर आधी हातात घ्या, कारण मधे दोन शनिवार, ग्रामपंचायतीत ग्रामसेवक रजेवर असलेला एखादा दिवस, आणि कलेक्टर ऑफिसमधली एखादी त्रुटी हे धरूनच चालायचं. प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का मारून. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे दिलं असं नसतं.

फाटीचं बघू. शर्यतीचं अंतर १००० मीटरच्या वर नाही, हा नियम आहे आणि यात सूट मिळत नाही. आपल्याकडं छकडीच्या मैदानाला एवढं लांब रान लागतच नाही, पण सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ज्या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती व्हायच्या, बैल पुढं आणि मागं पन्नास मोटारसायकली हॉर्न वाजवत, त्या या नियमात कुठंच बसत नाहीत. डांबरी रस्ता नको, दगडधोंडे नकोत, उतार नको, चिखल नको. फाट्या मारताना रान नीट फणून, खडे वेचून, शेवटाला बैल थांबायला मोकळी जागा सोडायची, कारण निशाण, म्हणजे शेवटची रेघ, ओलांडल्यावर गाडी लगेच थांबत नाही आणि सगळ्यात जास्त अपघात तिथंच होतात, लोक मोबाईल घेऊन मधे उभे असतात. दोन्ही बाजूला बॅरिकेड पाहिजेच. दोरी बांधून काय होत नाही. जागेचा एक साधा नकाशा हातानं काढून अर्जाला लावा, सुरुवात, निशाण, पाण्याची टाकी, डॉक्टरांचा मंडप, अॅम्ब्युलन्स, पार्किंग सगळं दाखवून. मागितला नाही तरी लावा, साहेबाला जागा न बघता पण अंदाज येतो आणि काम पटकन होतं.

बैलाच्या बाबतीत कायदा कडक आहे. काठी, चाबूक, आरी, बॅटरीचा शॉक, शेपूट पिरगाळणं, चावणं, काहीच चालत नाही. ड्रायव्हरनं फक्त कासऱ्यावर आणि आवाजावर गाडी आणायची. हे नुसतं निवेदकानं माईकवरनं सांगून होत नाही, सुट्टीच्या जागी, म्हणजे जिथनं गाड्या सोडतात तिथं, दोन माणसं फक्त हात आणि खिसे तपासायला ठेवा, आणि ती गावातली नकोत, गावातला माणूस पाहुण्याला बोलत नाही. शॉकची मशीन आजकाल मुठीत मावते एवढी बारीक येते. इंजेक्शन आणि दारू पाजणं हा तर सरळ गुन्हाच. १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती होता माहिताय का, १० ते ५० रुपये, त्यामुळं जुनी माणसं अजून म्हणतात की काय होतंय, भरू दंड. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत तो ५ लाखांपर्यंत किंवा ३ वर्षांपर्यंत कैद असा आहे. हा फरक ड्रायव्हर मंडळींना आधी वाचून दाखवा, मग बक्षिसांची यादी.

डॉक्टरांनी तपासून फिट म्हटल्याशिवाय जोडी फाटीवर सोडायची नाही. कानातला १२ आकडी बिल्ला बघायचा आणि नोंदणीच्या वहीत तो नंबर गाडीमालकाच्या नावासमोर लिहायचा, टोकन नंतर. याचा अजून एक फायदा, आदतच्या (दुधाच्या दातांच्या) गटात दुसा (दोन दात आलेला बैल) घुसवला म्हणून जी कटकट होते ती बरीच कमी होते, दात पण डॉक्टरांसमोरच बघून घ्या. लंगडणारा, ताप असलेला, जखम असलेला बैल डॉक्टर बाजूला काढतील, तेव्हा कमिटीनं डॉक्टरांच्या मागं उभं राहायचं, मालक कितीही मोठा असू दे. गटाला (पहिल्या फेरीला) पळालेली जोडी सेमीला परत लगेच ओढू नका, पाणी आणि सावली मिळालीच पाहिजे, त्यासाठी गाड्यांची संख्या आधीच मर्यादित ठेवा. अंधार पडेपर्यंत मैदान चालवणाऱ्या कमिट्या मी बघितल्यात, हॅलोजनच्या उजेडात फायनल, आणि निशाणावर कोण पुढं होतं ते देवालाच ठाऊक. आणि रोगाची साथ आली की परवानगी हातात असून पण मैदान रद्द होऊ शकतं, २०२२ च्या सप्टेंबरात जनावरांच्या लम्पी रोगामुळं बाजार, जत्रा, शर्यती सगळं बंद केलं होतं, तेव्हा मंडप-साऊंडवाल्याला ॲडव्हान्स देताना हे बोलून ठेवा.

आता घोडा. यात्रेत घोडागाडीची शर्यत, नाहीतर एका बाजूला बैल आणि एका बाजूला घोडा जुंपायची पद्धत आपल्या भागात जुनी आहे आणि लोकांना ती बघायला आवडते हे मान्य. पण महाराष्ट्राची सूट बैलाच्या शर्यतीला आहे, तिच्यात घोड्याचं नाव नाही. त्यामुळं बैलगाडीची परवानगी दाखवून त्याच मैदानात संध्याकाळी दोन घोडागाड्या सोडल्या तर ती परवानगी तुम्हाला वाचवत नाही, उलट बैलांच्या अनामतीचा पण घोळ होतो. घोड्याला केंद्राचे २००१ चे खेळात वापरायच्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू होतात, त्याची नोंदणी हरियाणात बल्लभगडला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडं असते, तालुक्याला नाही. त्या नियमात रेसच्या घोड्याला एका रेसमध्ये तीनपेक्षा जास्त फटके नाहीत आणि चाबूक पण हवेच्या गादीचा, असं आहे. म्हणजे बैलाला शून्य, घोड्याला तीन, तेही मऊ. आपल्या घोडागाडीवाल्यांचा चाबूक यात बसतो का ते तुम्हीच ठरवा. माझा सल्ला सरळ आहे, घोडे मिरवणुकीला ठेवा, शर्यतीच्या पत्रिकेत छापू नका.

यावर कुणीतरी म्हणतोच, मग पुण्याला रेसकोर्सवर पळतात ते कसं चालतं. ते चालतं कारण त्यांचा सगळा डोलाराच वेगळ्या कायद्यावर उभा आहे, १९१२ चा रेसकोर्स लायसन्सचा कायदा आहे, पुणे आणि मुंबईचं महालक्ष्मी दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतं, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यापासनं मुंबई असा सीझन. तिथं जॉकीला लायसन्स असतं, त्याचं वजन करतात, घोड्याची डोप टेस्ट होते आणि गडबड वाटली तर स्टुअर्ड, म्हणजे रेसवर नजर ठेवणारे अधिकारी, चौकशी लावतात. सरकार लायसन्स देतं आणि कर घेतं, रोजचा कारभार क्लब बघतो. आपल्याकडं असा क्लब नाही, आपल्या मैदानाचा स्टुअर्ड म्हणजे तुमची कमिटी आणि निशाणावर निकाल देणारा झेंडा पंच, म्हणून पंच बाहेरच्या तालुक्यातला आणि निशाणावर कॅमेरा, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका.

पैजेचं पण याच्याशीच जोडलेलं आहे. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, आणि ते ऐकून कट्ट्यावर लोक सांगतात की आता शर्यतीवर पैसे लावायला हरकत नाही. तो निकाल रेसकोर्सवरच्या घोड्यांचा होता. तुमच्या रानात बैलावर पैसे लावले तर तो १८८७ च्या कायद्याखाली जुगार, आणि पोलिसांनी उचलला तर आयोजक म्हणून आधी तुम्हाला विचारणार. मोबाईलवर पैसे लावायच्या गेमांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदाच केलाय. एंट्री फीची पावती फाडा, बक्षिसाचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा, आणि पैज घेणारा माणूस मंडपात दिसला तर माईकवरनं नाव न घेता बाहेर काढा, तेवढ्यानं बाकीचे समजतात.

मैदान झालं म्हणजे काम संपलं नाही. पूर्ण शर्यतीचं शूटिंग पाहिजे, नुसत्या फायनलचं आणि सत्काराचं नाही, सुट्टीच्या बाजूचा आणि निशाणाचा असे दोन कॅमेरे लावा आणि ड्रोनवाल्याच्या भरवशावर राहू नका, त्याला वरनं फक्त धुरळा दिसतो. ते फुटेज, डॉक्टरांचा रिपोर्ट, नोंदणीची वही आणि कुठल्या बैलाला लागलं असेल तर त्याच्या उपचाराचे कागद असं सगळं एका पेनड्राइव्हमध्ये आणि एका फाईलमध्ये घालून ऑफिसला जमा करायचं, पोच घ्यायची, आणि त्याच अर्जात एफडीची पावती परत मागायची. वेगळा अर्ज करत बसलात तर ती पावती पुढच्या यात्रेपर्यंत तिथंच पडून राहते.