घरच्या घरी ड्रेडलॉक्स: सुरुवात कशी करायची, निगा कशी राखायची

ड्रेडलॉक्स म्हणजे केस गुंतवून केलेल्या दोरासारख्या बटा, त्यातली एकेक बट म्हणजे एक लॉक. ते ठेवायचे म्हणजे केस धुवायचे नाहीत, असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. तो आधी मनातून काढून टाका. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या केसांचाच गुंता घट्ट बसतो. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात आणि लॉक सुटत राहतो. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकले की केस धरून राहतात. शिवाय प्रत्येकाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. एरवी ते कंगव्यात येतात. लॉकमध्ये मात्र ते तिथेच अडकून राहतात आणि लॉकला भर देतात. आपण फक्त गुंत्याला सुरुवात आणि आकार द्यायचा. उरलेलं काम केस आपणहून करतात, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

घरात विषय काढलात की आजीच्या तोंडून पहिला शब्द ‘जट’ येईल, आणि तिची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात केसांत जट दिसली की ती यल्लम्माची खूण मानून बायकांना ती आयुष्यभर डोक्यावर वागवायला लावलं गेलं. कित्येक मुली त्यापायी देवाला सोडल्या गेल्या. जट धुवायची नाही, कापायची नाही. तिच्या ओझ्याने मान अवघडते, आत उवा होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांची आणि त्यांच्या घरच्यांची समजूत घालून जटा कापून देत आले आहेत. दुसरीकडे जमैकात नेमकं उलटं घडलं. 1930 च्या दशकात तिथे उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथाचे लोक बायबलमधल्या व्रताचा आधार घेऊन केसांना कात्री लावत नसत, आणि त्यासाठी त्यांना छळ सोसावा लागला. 1963 मध्ये कोरल गार्डन्स या भागात झालेल्या हिंसक घटनेनंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली, अनेकांचे लॉक्स जबरदस्तीने कापले. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी 2017 मध्ये माफी मागितली. एकीकडे ठेवण्याची सक्ती, दुसरीकडे कापण्याची. म्हणून मला वाटतं, लॉक्स करायचे तर स्वतःच्या मर्जीने करावेत, रोजच्या रोज त्यांची काळजी घ्यावी आणि नको वाटले त्या दिवशी बिनधास्त काढावेत. आजीलाही हेच सांगा, आणि तिच्यासमोरच केस धुवा.

आधी काय बघायचं

केस किमान 15 ते 20 सेंटिमीटर लांब हवेत. गुंता बसताना लांबी बरीच आत जाते, कधी कधी तिसरा हिस्सा कमी होतो. त्यामुळे खांद्यापर्यंतचे केस सुरुवातीला कानाजवळ आले तर घाबरू नका.

आफ्रिकी वंशाच्या लोकांसारखे घट्ट कुरळे केस असतील तर कंगव्याने किंवा बोटाने बट मुळापासून गोल गोल पिळली तरी पुरतं, केस आपसूक धरतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस सरळ किंवा लाटदार असतात आणि त्यांना पिळून काही होत नाही, धुतलं की पीळ उलगडतो. अशा केसांसाठी बॅककोम्बिंग, म्हणजे कंगवा उलटा मुळाकडे ढकलून केस गुंतवणं, आणि क्रोशाची सुई हाच खात्रीचा मार्ग आहे. पुढची कृती त्याचीच आहे.

डोक्यात कोंडा, खरूज, नायटा किंवा उवा असतील तर आधी ते बरं करून घ्या. लॉक्स झाल्यावर फणी फिरवता येत नाही. कपाळाच्या कडेचे केस विरळ होत असतील तर तिथे लॉक करूच नका. मुळाशी सतत ताण बसला तर केस कायमचे जाऊ शकतात. नोकरीच्या किंवा कॉलेजच्या ठिकाणी केसांबद्दल नियम असतील तर तेही आधीच विचारलेलं बरं.

दिवसही निवडून घ्या. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि गोव्यात, सुरुवात करू नये. ओल्या हवेत नवे लॉक वाळत नाहीत. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

सामान

बारीक दातांचा धातूचा कंगवा, भांग पाडायला शेपटीचा कंगवा, केसांचे चाप, छोटे रबरबँड आणि क्रोशाची सुई. सुई 0.5 ते 0.75 मिलिमीटरची घ्या. लोकर विणायच्या जाड सुईने केस तुटतात. मेण किंवा ‘ड्रेड वॅक्स’ नावाची डबी घेऊ नका. मेण पाण्याने निघत नाही, आत धूळ आणि सुताचे तंतू धरून ठेवतं आणि लॉक कधीच नीट वाळू देत नाही.

सोबत एक माणूस हवा. डोक्यामागचे लॉक स्वतःचे स्वतः करणं जवळपास अशक्य आहे, आणि पूर्ण डोक्याला सहा ते दहा तास लागतात. दोन दिवसांत वाटून घेतलंत तरी चालेल.

लॉक पाडताना

आदल्या दिवशी साध्या, पारदर्शक शाम्पूने दोनदा केस धुवा. कंडिशनर नको, तेल नको. आठवडाभर आधीपासून तेल बंद ठेवलं तर आणखी चांगलं.

केस पूर्ण वाळले की शेपटीच्या कंगव्याने चौकोन पाडायला घ्या. मानेपासून सुरुवात करून वर चढा. प्रत्येक चौकोन साधारण अडीच सेंटिमीटरचा. वाळून घट्ट झाल्यावर त्यातून पेन्सिलीपासून करंगळीपर्यंत जाडीचा लॉक होतो आणि मध्यम दाट डोक्यावर असे 40 ते 60 बसतात. भिंतीत विटा रचताना जसे वरचे-खालचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, तसेच वरच्या ओळीतले चौकोन खालच्या दोन चौकोनांच्या मधोमध घ्या, नाहीतर डोक्यावर सरळ पांढऱ्या रेघा दिसत राहतात. एकेक बट रबरबँडने बांधून सगळं डोकं आधी विभागून टाका आणि आरशात बघा. चौकोन लहान-मोठे झाले असतील तर आत्ताच बदलायचे, नंतर ते जमत नाही.

आता एक बट मोकळी करा. टोकाकडून सरळ, ताठ धरा. मुळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर कंगवा घाला आणि मुळाकडे ढकला. पुन्हा तिथेच, पुन्हा मुळाकडे. आठ-दहा वेळा केल्यावर मुळाशी एक मऊ गादी जमते. ती बोटांनी दाबून बघा, आत पोकळ लागली तर आणखी थोडं करा. मग कंगवा एक सेंटिमीटर वर घेऊन तेच पुन्हा. दुसऱ्या हाताने बट सतत एकाच दिशेने किंचित फिरवत राहा म्हणजे लॉक चपटा न होता गोल होतो. घाईने मोठाले फटके मारले की गाठी होतात आणि मधेमधे पोकळी राहते. टोकापर्यंत पोचलात की शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर तसेच सोडले तरी छान दिसतात.

मग क्रोशाची सुई. इथे हात बसायला वेळ लागतो. लॉक दोन बोटांत घट्ट धरा, सुई एका बाजूने आत घाला, दुसऱ्या बाजूने किंचित बाहेर येऊ द्या, बाहेर लोंबणारे दोन-चार केस हुकात पकडा आणि आत ओढा. हालचाल अगदी छोटी आणि भराभर हवी, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, आणि प्रत्येक वेळी लॉक थोडा फिरवायचा. सुई सहज फिरतेय तोवर ठीक. ती अडली आणि आपण जोर केला तर ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. तो केस तुटल्याचा. तिथे थांबा, सुई उलटी फिरवून सोडवा आणि दुसरीकडून घाला. हाताखाली लॉक दोरासारखा टणक लागायला लागला की सुई ठेवून द्या. त्याच जागी पुढेही टोचत राहिलात तर लॉक आतून तुटून कमजोर होतो.

मुळाशी रबरबँड ठेवले असतील तर ते आठवडा-दोन आठवड्यांत कापून काढा. राहू दिले तर तिथेच केस कापले जातात.

धुणं आणि वाळवणं

पहिलं धुणं आठवडा-दहा दिवसांनी, त्यानंतर आठवड्यातून एकदा. घाम फार येत असेल किंवा लोकलचा रोजचा प्रवास असेल तर दोनदा. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून डोक्याच्या कातडीवर ओता, बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. फेस लॉकमधून खाली उतरू द्या आणि लॉक मुठीत दाबत दाबत पाणी नितळ येईपर्यंत धुवा. साबणाची वडी टाळा. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाचा पांढरा साका तयार होतो आणि लॉकच्या आत बसतो. शिकेकाई-रिठ्याची सवय असेल तर उकळून, दुहेरी फडक्यातून गाळलेलंच पाणी वापरा. पावडर थेट घातली तर ती पुढे महिनोन् महिने आतून निघत राहते. खाण्याच्या सोड्याने धुवायचा सल्ला सर्रास मिळतो. सोडा क्षारीय आहे आणि डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे तो वारंवार वापरला तर त्वचा कोरडी पडते, केस ठिसूळ होतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घ्या, मग साध्या पाण्याने धुऊन टाका.

सगळ्यात जास्त लक्ष वाळवण्याकडे द्या. धुणं सकाळीच करा, रात्री कधीच नाही. टॉवेलपेक्षा सुती पंचा बरा, तो पाणी चटकन ओढतो आणि त्याचे तंतू केसांत अडकत नाहीत. एकेक लॉक पंच्यात गुंडाळून पिळून घ्या, मग उन्हात किंवा पंख्याखाली मोकळे सोडा. ओले लॉक बांधायचे नाहीत, त्यावर हेल्मेट घालायचं नाही, झोपायचं नाही. वरून वाळलेला लॉक आतून ओला असू शकतो. सर्वांत जाड लॉक मुळाजवळ चिमटीत दाबून धरा, थंडगार लागला तर आत पाणी आहे. असं वारंवार राहिलं तर आत बुरशी धरते आणि ओल्या गोधडीचा कुबट वास येतो. वास नुकताच सुरू झाला असेल तर व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, ड्रायर लावून खडखडीत वाळवा. तरीही गेला नाही तर तेवढा लॉक कापा. बाकीचे वाचतील.

पावसाळ्यात घरात एक ड्रायर असायलाच हवा.

पुढचे महिने

पहिले तीन-चार महिने लॉक विस्कटलेले दिसतात, केस बाहेर येतात, काही ठिकाणी फुगे येतात. हे सगळ्यांचंच होतं. रोज सुई घेऊन बसू नका. प्रत्येक धुण्यानंतर एक काम मात्र चुकवू नका: शेजारशेजारच्या लॉकची मुळं एकमेकांत गुंततात, ती बोटांनी हळूहळू अलग करा. दोन आठवडे दुर्लक्ष केलं तर दोनाचा एक होतो आणि मग सोडवताना डोळ्यांत पाणी येतं. थोडे ओलसर असताना लॉक दोन्ही तळव्यांत धरून वातीसारखे वळले की आकार गोल राहतो.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मुळाशी तेवढा मोकळा केस दिसत राहणार. दर सहा-आठ आठवड्यांनी सुईने तो लॉकमध्ये ओढून घ्या. मुळापासून एक सेंटिमीटर सैलच ठेवा. तिथे घट्ट केलं की कातडी ओढली जाते, पुरळ येतात आणि केस गळायला लागतात.

तेलाबद्दल घरात वाद होणार हे धरून चाला. पहिले सहा महिने तेल पूर्ण बंद. नंतर डोकं कोरडं पडलं तर बोटाच्या टोकाला लागेल एवढंच खोबरेल कातडीवर लावा, लॉकवर नाही. खोबरेल थंडीत थिजतं आणि आत बसून राहिलं की खवट वास मारतं. नुसती खाज असेल तर स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी किंवा गुलाबपाणी मारा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. लाली, पू किंवा टक्कल दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

झोपताना उशीला सॅटिनचा अभ्रा लावा किंवा डोक्याला तसाच रुमाल बांधा. सुती अभ्र्याचे तंतू काळ्या लॉकमध्ये पांढरे ठिपके होऊन दिसतात. होळीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत डोकं पूर्ण बांधल्याशिवाय जाऊ नका. लॉकच्या आत गेलेला गुलाल दहा धुण्यांतही निघत नाही. दुचाकी चालवत असाल तर लॉक मानेवर खाली, सैल बांधा आणि हेल्मेट पुन्हा मापून घ्या. ते घट्ट होत असेल तर मोठं घ्या, बक्कल न लावता फिरू नका.

काढायचे झाले तर

कापणं हा सोपा मार्ग. ज्यांना लांबी वाचवायची आहे त्यांनी लॉक कोमट पाण्यात भिजवून भरपूर कंडिशनर चोळावा आणि टोकापासून सुरुवात करावी. दाभण किंवा धातूच्या कंगव्याचा एक दात घालून दोन-तीन मिलिमीटर सोडवायचं, मग तेवढंच वर सरकायचं. एका लॉकला अर्धा-एक तास सहज जातो, म्हणून दोघातिघांनी मिळून चार-पाच दिवसांत वाटून घ्यावं. शेवटी मांडीवर केसांचा ढीग जमेल. त्यातले बहुतेक केस इतक्या महिन्यांत आपोआप गळून आत अडकलेले असतात, त्यामुळे ढीग बघून घाबरू नका. नंतर महिनाभर केस घट्ट बांधू नका, रंग लावू नका, आणि टोकं दोन-तीन सेंटिमीटर कापून घ्या.